नावापुढचा रकाना

सुलतानपूर हे नाव मोबाइलवर शोधायला टाकलं की आधी उत्तर प्रदेशातला आख्खा जिल्हा समोर येतो. मग हरियाणातलं पक्ष्यांचं राष्ट्रीय उद्यान, दिल्ली मेट्रोचं स्टेशन, पंजाबातलं सुलतानपूर लोधी. आमचं सुलतानपूर बरंच खाली, शोधणाऱ्याने नेट धरला तरच सापडतं. लोणार तालुक्यातलं, मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाताना लागणारं, जिथून लोणारच्या सरोवराकडे जायचा फाटा फुटतो ते. एरवी याचं काही वाटायचं कारण नाही. देशात एका नावाची गावं ढिगाने असतात. पण इथला एखादा पोरगा फौजेत गेला, परत आला नाही, आणि कुठल्याशा यादीत त्याच्या नावापुढे नुसतंच ‘सुलतानपूर’ लिहिलेलं राहिलं, तर पुढच्या पिढीतला माणूस त्याला कुठे शोधेल, हा प्रश्न मला छळतो.

तो छळू लागला १४ फेब्रुवारी २०१९ नंतर. त्या दिवशी दुपारी जम्मूहून श्रीनगरकडे निघालेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर पुलवामा जिल्ह्यात लेथपोऱ्याजवळ हल्ला झाला. चाळीस जवान गेले. पाठोपाठ यादी मोबाइलवर फिरू लागली. नाव, हुद्दा, बटालियन, गाव, जिल्हा, राज्य. इंग्रजी अक्षरांत, एकाखाली एक. सगळा देश ती यादी वाचत होता, आणि आम्ही आपापल्या जिल्ह्यावर बोट ठेवून वाचत होतो. बुलढाण्याची दोन नावं होती. मलकापूरचे संजय राजपूत आणि चोरपांग्र्याचे नितीन शिवाजी राठोड. चोरपांग्रा आमच्याच तालुक्यातलं, बीबीच्या बाजूचं. शेकडो मैलांवर टंकलेल्या त्या यादीत गावाचं नाव कुठे तोडून, कुठे जोडून, निरनिराळ्या हिज्ज्यांनी छापलं गेलं. परक्या माणसाने ते वाचलं असतं तर त्याला गावाचं नाव उच्चारताही आलं नसतं. इथे मात्र ते एक नाव वाचून घराघरांत चुली पेटल्या नाहीत. अंत्यसंस्काराच्या दिवशी मोटारसायकली, ट्रॅक्टर, पायी चालणारी माणसं, शाळेची पोरं, सगळं त्या दिशेने लोटलं होतं.

त्यानंतर मी इंटरनेटवरची स्मारकं वाचू लागलो. वाचू लागलो असंच म्हणतो, कारण तिथे बघण्यासारखं फार नसतं. एक फोटो, बहुतेक वेळा ओळखपत्रावरचा. खाली हुद्दा, क्रमांक, युनिट, तारीख, जागा. कुठे फूल वाहण्याचं चित्र, दिवा लावण्याची खूण. त्याच्याखाली अनोळखी माणसांनी लिहिलेले दोन-दोन शब्द. तरीही मी वाचत राहतो. रात्री उशिरा, घर निजलं की, एक पान उघडतो, मग दुसरं. केरळातल्या एखाद्या नाईकाचं, नागालँडच्या एखाद्या रायफलमनचं. यातल्या कुणाच्या दारात मी कधी जाणार नाही, पण त्यांची नावं माझ्या तोंडून एकदा तरी जातात.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. महाराष्ट्रातल्या किती गावांच्या वेशीवर, पडक्या महादेवाच्या देवळामागे वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, किंवा गायी पळवणाऱ्यांशी झालेली झुंज. मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर नेताहेत. त्याच्या वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे राहील. किती आत्मविश्वासाने कोरलंय! आणि खरोखरच शेकडो वर्षं तो दगड राहिला. फक्त बहुतेक वीरगळांवर नाव नाही. ज्या गावाने तो उभा केला त्या गावाला नाव लिहायची गरज वाटली नसणार, सगळ्यांना ठाऊकच होतं की. मग ठाऊक असणारी माणसं गेली. आज त्याच दगडाला शेंदूर लागतो, कुणी त्याला मारुती म्हणून पुजतो, कुणी त्याच्यावर धुणं आपटतो. दगड टिकला, पराक्रम टिकला, माणूस हरवला.

आमच्या रस्त्यावरच पुढे सिंदखेड राजा आहे. जिजाऊंचं जन्मगाव म्हणून लोक तिथे येतात, वाडा बघतात. लखुजीराव जाधवांच्या समाधीपर्यंतही जातात. १६२९ मध्ये निजामशाही दरबारात, देवगिरीच्या किल्ल्यावर, लखुजीराव, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातू दग्याने मारले गेले. त्यांची समाधी इतकी भव्य आहे की पहिल्यांदा बघणाऱ्याला ती देऊळच वाटते. सरदार होते, नाव राहिलं, समाधी राहिली. त्यांच्या पागेत आणि फौजेत जी माणसं होती, आमच्या या खेड्यांतली, त्यांची एक ओळसुद्धा कुठे नाही. शिपायाचं नाव हे नेहमीच स्मारकाच्या हिशेबात शेवटी आलं, आणि पुष्कळदा आलंच नाही.

याचा सगळ्यात टोचणारा दाखला आपल्या देशाबाहेर आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढायला गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच ‘पूना डिव्हिजन’ होतं. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ही माणसं महिनोन् महिने अडकून पडली, उपाशी राहिली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाल्यावर कैदी म्हणून वाळवंटातून चालवली गेली. त्यातले कितीतरी परतलेच नाहीत. ज्यांची कबर सापडत नव्हती अशांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला प्रचंड स्मारक उभं राहिलं, ४० हजारांहून जास्त मृतांचं. त्याच्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा टाकला. इतके इतर सैनिक, एवढंच. सातारा-रत्नागिरीची, कोकणातल्या आणि घाटावरच्या खेड्यांची पोरं एका आकड्यात मिटली. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकुमावरून ते स्मारकही उचलून दूर वाळवंटातल्या रस्त्याकडे नेलं गेलं. ज्या आयोगाने ही स्मारकं बांधली, त्याने २०२१ साली अहवाल काढून कबूल केलं की मेलेल्यांमध्ये भेद केला गेला, आणि त्याबद्दल माफी मागितली.

पण त्याच आयोगाच्या ऑनलाइन नोंदींत आज त्या शिपायांची नावं शोधता येतात. दगडाने जे नाकारलं ते तिथे आहे. आडनाव बहुतेकांना नाही. पण कित्येकांच्या नावापुढे लिहिलंय, अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका. कुठे बायकोचं नाव. हिज्जे असे की वाचताना जिभेला वळसे घ्यावे लागतात, कारण ज्या साहेबाने ते लिहून घेतलं त्याच्या कानाला आपली गावं परकी होती. तरी पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शंभर वर्षांनी एका आकड्यातून माणूस बाहेर येत होता, आणि त्याच्या मागे त्याचा बाप, त्याचं गाव. इंटरनेटवरच्या स्मारकाला जे लोक थंड म्हणतात, त्यांनी ही एक नोंद तरी उघडून बघावी.

आता आपल्याकडचं बघू. दिल्लीत इंडिया गेटजवळ २५ फेब्रुवारी २०१९ रोजी, पुलवामानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, राष्ट्रीय युद्ध स्मारक खुलं झालं. त्यागचक्रातल्या ग्रॅनाइटच्या विटांवर २५ हजारांहून अधिक नावं आहेत, स्वातंत्र्यानंतर लढाईत आणि मोहिमांत गेलेल्या सैनिकांची. ही नावं त्याच्या संकेतस्थळावरही शोधता येतात. पण राठोड आणि राजपूत ज्या दलात होते ते गृह खात्याचं, त्यामुळे त्या दलांचं स्मारक वेगळं. चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय पोलीस स्मारक २१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुलं झालं, तेव्हा तिथल्या शौर्यभिंतीवर ३४,८४४ नावं होती. २१ ऑक्टोबर ही तारीख १९५९ ची. लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस पडले, त्या दिवसाची. गावातल्या माणसाला हा खात्याखात्याचा फरक कळत नाही, आणि कळून घ्यायची त्याला गरजही वाटत नाही. वर्दी अंगावर चढवून पोरगा गेला, तिरंग्यात परत आला, एवढं त्याला दिसतं. माझंही मत त्याच्यासारखंच आहे. दगडी भिंती दोन ठिकाणी असू देत, पण शोधायची जागा एक असावी. चोरपांग्र्याच्या शाळेतल्या मुलीने नितीन राठोड हे नाव टाकलं, तर ते कुठल्या मंत्रालयाच्या भिंतीवर आहे हे तिला आधी माहीत असायला लागू नये.

गृह खात्याचं ‘भारत के वीर’ हे संकेतस्थळ एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालं. तिथे जवानाच्या नावाने मदत देता येते, ती थेट कुटुंबाच्या खात्यात जाते, आणि एका कुटुंबाला १५ लाखांची मर्यादा आहे, म्हणजे ज्याची बातमी गाजली त्याच्याचकडे सगळा ओघ जाऊ नये. ही मर्यादा ज्याने घातली त्याला दुःखाची जाण होती. ज्या जवानाचा मृत्यू टीव्हीवर आला नाही त्याच्या घरीही चूल असतेच. ‘ऑनरपॉइंट’ हे दुसरं संकेतस्थळ हवाई दलातून निवृत्त झालेल्या विंग कमांडर अफ्राज यांनी उभं केलं. तिथे एकेका सैनिकाचं पान असतं. कुठे जन्मला, काय शिकला, कुठल्या पलटणीत गेला, कुठे पडला. सरकारी रकान्यांच्या बाहेर थोडं तरी पाऊल टाकायचा तो प्रयत्न आहे, म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं.

कारण खरी उणीव तिथेच आहे. नाव, क्रमांक, हुद्दा, युनिट, तारीख, हे पाच रकाने कोणतंही खातं भरू शकतं. नावापुढचा सहावा रकाना, ‘तो कसा होता’ हा, दिल्लीत बसून भरता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय लक्ष्मण गवते गेला. लेहच्या कोअरने समाजमाध्यमावर त्याला वाहिलेली श्रद्धांजली असंख्य लोकांनी वाचली. फोटोतला तो कोवळा चेहरा बघून ज्याने त्याने आपल्या घरातलं पोर आठवलं. पण भरतीसाठी पहाटे तो कोणत्या रस्त्याने पळायचा, कोणत्या मास्तरांचा लाडका होता, जेवायला बसला की काय मागायचा, हे पिंपळगाव सराईलाच ठाऊक असणार. ते त्या गावाने आज लिहिलं नाही तर तीस वर्षांनी लिहायला कुणी उरणार नाही. वीरगळांचं असंच झालं होतं.

अमेरिकेत व्हिएतनाम युद्धात गेलेल्या ५८ हजारांहून अधिक सैनिकांची नावं वॉशिंग्टनच्या काळ्या भिंतीवर आहेत. त्या प्रत्येक नावाला निदान एक फोटो मिळवून ऑनलाइन भिंतीवर लावायचं काम दोन दशकं चाललं आणि २०२२ मध्ये पुरं झालं. शेवटचे काही चेहरे मिळवणं सगळ्यात अवघड गेलं. स्वयंसेवकांनी शाळांची जुनी वार्षिकं चाळली, गावोगावच्या ग्रंथालयांत, वर्तमानपत्रांच्या जुन्या गठ्ठ्यांत शोधलं. मला या कामातली चिकाटी मोठी वाटते. तिथे यंत्राचं काम थोडं होतं. दार ठोठावणाऱ्या माणसांचं काम होतं.

आपल्याकडेही अशी माणसं आहेत. बंगळुरूचे संगीतकार उमेश गोपीनाथ जाधव पुलवामाच्या चाळीसही जवानांच्या घरी गेले. ६१ हजार किलोमीटर गाडी चालवली, प्रत्येक दारातली माती घेतली, आणि १४ फेब्रुवारी २०२० रोजी लेथपोऱ्याला स्मारक खुलं झालं तेव्हा तो मातीचा कलश तिथे पोचवला. मलकापूरची आणि चोरपांग्र्याची माती त्यात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘माझी माती माझा देश’ अभियानात गावोगावच्या ग्रामपंचायतींसमोर शिलाफलक उभे राहिले, तेही मला आवडतात. गावच्या पोराचं नाव गावच्या चौकात असायलाच हवं, येता-जाता दिसायला हवं. आणि हवं तर त्याच नावाचं पान मोबाइलवरही असावं, पुण्या-मुंबईत, गुजरातेत कामाला गेलेल्या त्याच्या वर्गमित्राला तिथून उघडता यावं. दगड आणि पडदा यांचं भांडण लावायची मला गरज वाटत नाही. पडद्याचाही भरवसा नसतोच. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, त्याबरोबर लोकांनी एकमेकांसाठी लिहिलेलं किती काय गेलं. संकेतस्थळाचे वर्षाचे पैसे भरणारा माणूस थकला की पान नाहीसं होतं. म्हणून मी म्हणतो, दोन्हीकडे लिहा, वहीतही लिहा.

या सगळ्यात एक मोठा गट कुठेच नाही. जे लढले आणि परत आले. ज्यांनी सतरा-अठरा वर्षं बर्फात, वाळूत काढली, मग गावी येऊन सोयाबीन पेरलं, तूर पेरली, कुठल्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. युद्ध स्मारकावर त्यांचं नाव येत नाही, यायचं कारणही नाही. ते म्हातारपणी खाटेवर जातात आणि त्यांच्यासोबत १९६५ जातं, १९७१ जातं. सात डिसेंबरच्या ध्वजदिनाला त्यांच्यापैकी काहींना शाल-श्रीफळ मिळतं. टाळ्या होतात. त्यांनी काय पाहिलं हे मात्र त्या मंडपात क्वचितच कुणी विचारतं.

आमच्या शेजारच्या गावात असे एक तात्या आहेत. पंच्याहत्तरी कधीच ओलांडलेली. सैन्यात गाडी चालवायचे. त्यांच्या ओसरीवर अजून ती काळी लोखंडी पेटी आहे, पांढऱ्या रंगात रंगवलेल्या अक्षरांची. नंबर, हुद्दा, नाव, युनिट. रंगाचे पोपडे गेलेत, पण नंबर स्पष्ट वाचता येतो, कारण दर दिवाळीला तात्या बारीक ब्रशने तेवढाच पुन्हा रंगवतात. आत डिस्चार्ज बुक, फडक्यात गुंडाळलेली पदकं. पदक बोटांत धरून त्यांनी मला त्याची कड दाखवली. कडेवर बारीक अक्षरांत त्यांचा नंबर आणि नाव कोरलेलं. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी कुठून सुरुवात होते ते त्यांना नखाने कळत होतं.

“तात्या, तुमचं सगळं लिहून ठेवू. फोटो काढू. इंटरनेटवर टाकू,” मी म्हणालो.

“माह्यं काय लिहितं?” ते म्हणाले. “म्या त नुसती गाडी हाकली. लिहायचं त त्याचं लिही, जो वापस आला नाही.”

मग त्यांनी गोरखपूरकडच्या त्या सोबत्याबद्दल सांगितलं. एकाच गाडीवर दोघं, एक चालवायचा, दुसरा झोपायचा. एकाहत्तरच्या डिसेंबरात गाड्यांच्या रांगेवर विमानातून गोळ्या आल्या, तेव्हा स्टिअरिंगवर तो होता. पाळी तात्यांची असती तर, हे वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं. मी युद्ध स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं. त्याच नावाचे अनेक जण आले. मी गोंधळलो. तात्यांनी डोळे मिटून त्याचा नंबर सांगितला, सगळे आकडे, एकही न अडखळता. पन्नास वर्षांनी. नंबर जुळला.

मी पान त्यांना वाचून दाखवलं. नाव, क्रमांक, हुद्दा, युनिट, तारीख. त्यांनी प्रत्येक गोष्टीवर मान हलवली.

“बरोबर हाये. पन तो ढोलक वाजवायचा, ते नाही लिहिलं?”

नाही, ते लिहिलेलं नव्हतं. तात्या खाटेवर सरसावून बसले आणि मी वही काढली. ते सांगत गेले. त्याला गूळ लागायचा, चहात साखर चालायची नाही. त्याने तात्यांना भोजपुरी गाणं शिकवलं होतं आणि तात्यांनी त्याला आपला एक अभंग. तो अभंग तो चुकीच्या चालीवर म्हणायचा. त्याची बहीण पत्र पाठवायची, ती पत्रं मोठ्याने वाचून दाखवायचा. घराच्या दारात जांभळाचं झाड होतं असं म्हणायचा. गावाचं नाव? ते तात्यांना आठवेना. नंबर पाठ होता, गाव निसटलं होतं. दोन-तीन नावं त्यांनी घेऊन पाहिली, स्वतःच नाही म्हणाले.

“तू काढ शोधून,” ते म्हणाले. “बहीण असंल अजून. माह्याहून लहान व्हती ते.”

आता मी त्याच्या मागे लागलोय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गोरखपूरच्या कार्यालयाला पत्र लिहायचं, त्यात नंबर आणि युनिट द्यायचं, वारसाची नोंद विचारायची. तात्यांनी सांगितलेलं मराठीत लिहून झालंय, ते हिंदीत करायला आमच्या शाळेतल्या एका बाईंनी घेतलंय. ते आधी बहिणीला पाठवायचं, तिने हो म्हटलं तर पानावर टाकायचं. आणि तात्यांचं स्वतःचं पान मी त्यांना न विचारता सुरू केलंय. त्यात गावाच्या नावापुढे तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा, असं पूर्ण लिहिलंय.